माही साहेबीण अन् तोंडातली सुपारी

सोमवार, सांजवेळ

मागच्या हप्त्यात आली होती शेजारची शांता, सुजलेलं तोंड घेऊन. आज आला तो गुडघेदुखीच्या बिननावाच्या गोळ्या विकणारा. त्याच्याच गोळ्यांनं तिचं तोंड सुजलं! त्याले पकडाले माही नात प्रज्ञा सकाळीच आली होती. औषधखात्यात साहेबीण हाये! डोक्यावर पदर घेऊन मिरच्या निवडत बसली. मी तोंडात सुपारी धरली, नाहीतं बढाई मारलीच असती.

"नातसून काय, आजी?" त्यानं इचारलं.

जीभ वळवळली. सुपारी दाबली. "हाव."

"गोळ्या पेटीभर आणू?"

"आण बापा, गावाले वाटतो."

गुरुवारी आणतो म्हणून गेला. ओळखलं तं नसन? तवा कुठं सुपारी थुकली.

प्रज्ञा हसली, "आजी, मी कोण ते आता गुरुवारी सांगजो त्याले."

तो पेटी घेऊन येईन. अन् माही नात पोलिस घेऊन.