पाहुण्याची खुर्ची

चि. बाळ्यास (नोकरीला लागलास तरी बाळ्याच),
ताईचा आशीर्वाद.

मी मजेत आहे. दवाखान्यातली नोंदणीची खिडकी दुपारी बंद झाली की घरी येऊन लिहिते. प्रकाशकांनी नाकं मुरडली, म्हणून हेही पुस्तक स्वतःच छापणार आहे. आईला सांग, जेवण वेळेवर होतं.

लहानपणी तुला दुपारी झोपवायचं काम माझ्याकडे असायचं आणि मी भुताच्या गोष्टी सांगायचे. तू झोपायचा नाहीस, पण जागचा हलायचाही नाहीस. गोष्ट जमली की माझा दंड घट्ट धरायचास. इथे दंड धरायला कोणी नाही, म्हणून प्रत्येक पान मोठ्याने वाचून बघते, सगळ्यांचे आवाज काढून.

परवा खालच्या शिवणकामवाल्या काकूंनी दार वाजवलं. "पाहुणे आलेत वाटतं? बोलणं ऐकू येतं." एकटीच बोलते असं कसं सांगू? म्हटलं, "धाकटा भाऊ आलाय, आंघोळीला गेलाय." तर बाई खालून खुर्ची घेऊन आल्या. "तुमच्याकडे एकच दिसते."

आता ती माझ्यासमोर असते. भुतं लिहिणारी मी, पण रिकामी खुर्ची बघवत नाही, म्हणून तिच्यावर तुझा जुना स्वेटर टाकलाय. काकू रोज विचारतात, "भाऊ आहे ना अजून?" मी हो म्हणते.

आईचा गुडघा कसा आहे? तुला रजा कधी मिळेल? दोनच दिवस आलास तरी चालेल, फक्त जिन्यात जरा मोठ्याने बोल.

शेवटचं प्रकरण बहुतेक जमलंय. काल वाचताना मीच माझा दंड धरून बसले होते.

तुझी,
ताई