मुलुंडला गेलेली साडी

आई, आपल्या देवळातल्या ओटीच्या साड्या अजून वाटतात. तुम्ही असताना वाटायच्या तशाच, नवरात्र संपलं की सभामंडपात सतरंजी टाकून, भजनी मंडळाच्या बायका गोल बसून. फक्त साड्या वाढल्यात आणि बसणाऱ्या बायका कमी झाल्यात. बालवाडीच्या मदतनिसांना काही, मुलुंडच्या वृद्धाश्रमाला काही, असे गठ्ठे करायचे आणि भांडुपच्या टेकडीवरून खाली टेम्पोपर्यंत न्यायचे. लग्न होऊन आले त्या वर्षी तुम्ही मला पहिल्यांदा तिथे नेलंत, एक साडी मांडीवर टाकलीत आणि पदराचं टोक दाखवलंत. ओटी भरताना बाई त्या टोकात तांदूळ नि सुपारी बांधते, गाठ मारताना मनातलं मागते, ही आपल्या देवळाची रीत. मी साडीची तशीच घडी करायला लागले, तसा तुम्ही माझा हात धरलात. "गाठ सोड गो आधी. एकीचा मागणा दुसरीच्या पदराक बांधून धाडू नको." धाडलं तर काय होतं, मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "माका काय म्हायत? कोणी धाडूकच नाय कधी." सगळ्या बायका हसल्या. साडी फॉल लावूनच द्यायची, हेही तुमचंच. देवीला फॉल लागत नाही, पण पुढे नेसणारीला लागतो, आणि तिला तो कोण लावून देणार?

तुमचा मुलगा आजारी पडला त्या नवरात्रात मी आंबा रंगाची, हिरव्या काठाची साडी दिली. हिरवा दोरा संपला होता, उतरून दुकानापर्यंत जायला सवड नव्हती, म्हणून फॉल लाल दोऱ्याने लावला. गाठ मारताना एवढंच मागितलं, की ह्यांना घरी येऊ दे. बरं होऊ दे म्हणायला हवं होतं की काय, ते मला अजून कळत नाही. हे हॉस्पिटलातच गेले. मी सुतकात होते, वाटपाला बसले नाही, आणि गाठी सोडायचं दुसऱ्या कुणाला सुचलं नाही. नंतर विचारलं तेव्हा मंडळाची सेक्रेटरी, आपल्या खालच्या चाळीतलीच मुलगी, म्हणाली, "काकू, गाठी कोण सोडत बसणार? टेम्पोवाला हॉर्न मारून डोकं खात होता. आणि देवी काय, गाठ बघून पार्सल परत पाठवणारे?" मीही हसले होते तेव्हा.

मधली काही वर्षं मी मुलुंडला गेले नाही. गेल्या महिन्यात मंडळाचा तांदूळ पोचवायला गेले, तर आश्रमाच्या व्हरांड्यात एक वयस्कर बाई फाटकाकडे तोंड करून बसलेल्या. अंगावर आंबा रंगाची साडी. काठ उलटला होता तिथे लाल दोरा दिसत होता. तिथली काम करणारी मुलगी म्हणाली, "ह्या आजी ना? लग्नच नाही झालं ह्यांचं कधी. पोस्टात होत्या. आता रोज सांगतात, नवरा येतोय हॉस्पिटलातून. पहिल्यांदा आम्ही मस्करी करायचो, लाडू आणतोय का म्हणून. आता नाही करत. दुसरी साडी नेसवली की रडतात. आणि तो आल्याशिवाय जेवत नाहीत. हाडं बघा कशी वर आलीत." बाजूच्या स्टुलावर ताट वाढलेलं होतं. भात गार झाला होता. मीठ ताटाच्या उजव्या बाजूला होतं. हे असं कुणी वाढलं, मी विचारलं. "आजीच सांगतात. नवरा डावखुरा आहे म्हणे."

आई, हे तुम्हाला माहीत नाही. लहानपणी हातावर मारून मारून तुम्ही ह्यांना उजव्या हाताने जेवायला लावलंत, आणि तुम्ही होतात तोवर हे तसेच जेवले. तुम्ही गेल्यावर एकदा दुपारी ह्यांनी निमूटपणे डाव्या हाताने घास घेतला. दुसऱ्या दिवसापासून मी मीठ उजवीकडे वाढायला लागले. त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही, आणि घरात तिसरं कुणी नव्हतं.

तुम्ही म्हणायचात, चौथी शिकलेल्या बाईला एवढी पुस्तकं कशाला लागतात. त्याच पुस्तकांत मी शोधत बसले. विसरायला लागलेली माणसं दुसऱ्यांकडून ऐकलेलं आपलंच समजतात, असं एका ठिकाणी सापडलं. पटलंही. पण हे त्या बाईंनी ऐकलं कुणाकडून?

गाठ सोडायचीच, असं ठरवून काल पुन्हा गेले. दुपार आहे, बाकीचे सगळे आत पडलेत. बाई खुर्चीत डोळे मिटून बसल्यात, पदर खाली लोंबतोय. धुण्यात तांदूळ कधीच गेलेत, सुपारी बोटाला लागते. मी खाली बसून गाठीत नख घालते. ती सैल होते.

"राहू दे," बाई डोळे न उघडताच म्हणतात. "तो निघालाय."

"केव्हा येतो?"

"तू गेलीस की."

"आणि मी असेपर्यंत?"

"फाटकाबाहेर उभा राहतो. म्हणतो, तिला आधी घरी जाऊ दे."

आत्ता आहे का, हे मी विचारलं की नुसतं मनात आणलं, ते सांगता येत नाही. त्यांनी डोळे उघडले, माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं आणि ओळखीचं माणूस दिसल्यावर मान हलवतो तशी मान हलवली. फाटक माझ्या पाठीशी होतं. मी वळले नाही. सैल झालेली गाठ पुन्हा आवळली आणि स्वयंपाकघरातून मागच्या दाराने बाहेर पडले.

त्या बाई झिजतायत, हे मला दिसतं. माझ्या मागण्याचा भार त्यांच्या अंगावर आहे आणि तो उतरवणं माझ्या एका नखाचं काम आहे, हेही कळतं. हे लिहून देवीच्या पायाशी ठेवायचं मनात होतं, पण सकाळी निर्माल्य काढायला पुजाऱ्यांची सून येते, ती वाचल्याशिवाय राहायची नाही. म्हणून पुस्तकात घालून ठेवते आहे.

आज मंडळात पुढच्या फेरीचं ठरत होतं. मी म्हटलं, मुलुंडला आता दुसरं कुणीतरी जा, माझे गुडघे दुखतात. सेक्रेटरी म्हणाली, "तुम्ही आता आराम करा काकू, आम्ही आहोत ना." आई, माझे गुडघे काही दुखत नाहीत.