डोंबिवलीतला जास्तीचा ए

३ जून
व्हिडिओ बघून बघून एवढं शिकलो, की वेबसाइटच्या नावातच गाव नि माल हवा. लोक शोधतात तेच शब्द. म्हणजे ‘डोंबिवली भाजणी’, इंग्रजी अक्षरांत. टाकून पाहिलं. आधीच कोणी घेतलेलं! ‘थालीपीठ भाजणी’ गेलेलं. ‘घरची भाजणी’ पण. बायकोच्या, सुमनच्या हाताला एवढं नाव, आणि घ्यायला नावच शिल्लक नाही.

४ जून
मिळालं! डोंबिवलीच्या स्पेलिंगात ‘व’पुढे एक ए जास्तीचा घातला. सुमन म्हणते, “अहो, इंग्रजीत हे भजनी पण वाचता येतं. उद्या कोणी टाळ मागवेल.”

९ जून
खरंच एका मंडळाचा फोन! एकादशीला मोकळे आहात का. सुमन दिवसभर, “बुवा, चहा घ्या.”
कळव्याच्या स्मिताताईंना फोनवर सांगितलं, आता वेबसाइटवरूनच मागवा, ‘डोंबिवली भाजणी’ टाका, झालं. त्यांच्या छोट्या ईराला गहू चालत नाही, अंगभर गांधी उठतात, श्वास कोंडतो. आपल्या भाजणीत गहू नाही म्हणूनच त्या आपल्याकडून घेतात.
धाकधूक एकच. ए न घालता टाकलं तर माणूस जातो कुठे? उद्या बघेन.

१४ जून
बघायचं राहिलंच.
स्मिताताईंचा सकाळचा मेसेज दुपारी पाहिला. “काका, भाजणी मिळाली. पाकीट नवीन केलंत? मस्त!”
आपल्याकडे त्यांची ऑर्डरच नाही.
ए न घालता टाकून पाहिलं. दुसऱ्याच कोणाची भाजणी. खाली बारीक अक्षरांत: तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, गहू.
ए घाला असं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. फोन बंद लागतोय. “ताई, ती आमची नाही, ईराला देऊ नका,” टाकलं. एकच टिक.

१४ जून, संध्याकाळ
कळवा स्टेशनबाहेर, रिक्षाच्या रांगेत. हात रिकामा राहिला की डोक्यात भलतंच येतं, म्हणून खरडतोय. निघताना सुमनने आपली भाजणी पिशवीत कोंबली. म्हणाली, “आधी पोरीला हाक मारा, ओ आली की मग बोला काय ते.”
ईरा शाळेतून आली की लगेच थालीपीठ मागते. ताईच कौतुकाने सांगायच्या.
फोन पुन्हा लावला. या वेळी रिंग जातेय. उचला हो, ताई.