ओव्हनमधल्या फासळ्यांचे रविवार

प्रिय डेनेट्रा,

फोनवर तू दर वेळी विचारतेस, "आई, फासळ्या कशा झाल्या?" आणि मी दर वेळी "बऱ्या झाल्या" म्हणून विषय छपराच्या गळक्या पन्हाळीवर नेते. काय करू पोरी, तुझे डॅडी फोनला खेटूनच बसलेले असतात. गुडघे गेले, दम गेला, पण कान अजून सशाचे आहेत. आत्ता दुपारचे ते झोपलेत. बाहेरच्या खोलीत त्यांचं ऑक्सिजनचं मशीन घरघरतंय. मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसलेय. धुतलेले कपडे ड्रायरमध्ये तसेच पडलेत. पडू देत. चुरगळलेला झगा घातला म्हणून मेम्फिसमधल्या कुठल्या चर्चने अजून कुणाला बाहेर काढलेलं नाही.

तू गेलीस तेव्हा ते जेवत नव्हते हे तुला माहीत आहे. त्यानंतर ते आणखी कमी झालं. वाटाणे बशीत इकडून तिकडे फिरवायचे आणि "पोट भरलं" म्हणायचे. चावायलासुद्धा दम लागतो त्यांना. एक घास, मग श्वास, मग दुसरा घास कशाला घ्यावा असा विचार. जनीस नर्स दर शुक्रवारी येऊन त्यांना काट्यावर उभं करते आणि माझ्याकडे बघून मान हलवते. मला दारापर्यंत बोलावून म्हणाली, "मिस व्हर्लीन, आता पथ्यबिथ्य विसरा. मिस्टर ओथांना जे आवडेल ते घाला. अंगात बळ नाही राहिलं तर छाती श्वास ओढायची कशी?" म्हणजे गोष्ट सरळ होती. खाल्लं तर राहतील. आणि तुझ्या बापाला आवडतं काय, हे या अख्ख्या वस्तीला ठाऊक आहे: भट्टीवर भाजलेल्या डुकराच्या फासळ्या.

पण ज्या घरात ऑक्सिजन त्या घरात आग नको. दारावर जनीसने पाटीच लावलीय. त्यांची ती लोखंडी पिंपाची मांस भाजायची भट्टी आपल्या चर्चचा डीकन पर्व्हिस चर्चमागे घेऊन गेला, हिकरीच्या लाकडांचा ढीगही नेला. नेताना हे खिडकीत उभे होते. पर्व्हिसला खिडकीतून ओरडून सांगितलं, "डावीकडचं झाकण नीट बसत नाही, खाली वीट लाव!" एवढंच. म्हणून तू जेव्हा म्हणालीस की आई, फासळ्या विजेच्या ओव्हनमध्येसुद्धा होतात, फॉइलमध्ये गुंडाळून मंद आचेवर तीन-चार तास ठेव, हाडावरून मांस आपोआप सुटतं, तेव्हा मी आधी हसले. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "ओव्हनमध्ये केक होतो. बिस्किटं होतात. फासळ्या होत नाहीत, फासळ्यांची विटंबना होते."

आता तू म्हणशील, आईला काय अवघड, जन्म गेला तिचा या माणसाबरोबर. अगं, जन्म गेला खरा, पण कोबीची कोशिंबीर चिरण्यात गेला. चर्चच्या मागे पुरुष रात्रभर भट्टीशी बसणार, गप्पा मारणार, आणि आम्ही बायका आत राजमा शिजवणार, बटाटे सोलणार, पावाच्या स्लाइस मांडणार. आगीजवळ बाई गेली की लगेच, "सिस्टर, धूर लागेल तुम्हाला." जसा काही चुलीचा धूर आम्हाला कधी लागलाच नव्हता! मांस तयार होऊन टेबलावर यायचं तेव्हाच मला दिसायचं. ते तिथवर कसं पोचतं हे मला तेवढंच माहीत होतं, जेवढं पोस्टात टाकलेलं पाकीट तुझ्याकडे कसं पोचतं हे माहीत आहे.

तरी पहिल्या रविवारी चर्चमधून आले, टोपी काढली आणि कामाला लागले. तू सांगितलंस तसा मसाला केला: लाल पाप्रिका, ब्राउन साखर, लसणाची पूड, मीठ, मिरी, थोडं तिखट. फासळ्यांना चोळायला घेतलं आणि मागे नळी घासत आल्याचा आवाज आला. त्यांच्या नळीची लांबी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतच पुरते. तिथे खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "मागचा पापुद्रा काढलास?" मी म्हटलं, "कुठला पापुद्रा?" डेनेट्रा, मी जणू येशू कोण असं विचारलं असावं, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पन्नास वर्षं माझ्या घरात राहून ही बाई विचारते, कुठला पापुद्रा!" मी म्हटलं, "पन्नास वर्षांत तू मला भट्टीजवळ फिरकू दिलंस का?" "ती पुरुषांची जागा होती." "मग ओव्हन ही बायकांची जागा आहे, गप्प बस." पण गप्प बसतील तर ते ओथा कसले! हाडांच्या बाजूला पातळ, चकचकीत पापुद्रा असतो, तो ठेवला तर मसाला आत जात नाही आणि खाताना रबर चावल्यासारखं लागतं. कडेच्या हाडाशी सुरीचं बोथट टोक घालून तो उचलायचा, हातातून निसटतो म्हणून कागदी रुमालाने धरायचा आणि पायमोजा ओढावा तसा ओढायचा. मला जमेना. तीन ठिकाणी फाटला. ते उंबऱ्यावरून ओरडत होते, "अगं हळू! बँडेज काढतेयस का त्याचं?" मध्येच दम लागायचा, थांबायचे, पुन्हा ओरडायचे. गालावर रंग आला होता त्यांच्या.

आणि मग जेवले. खरंच जेवले गं. नावं ठेवत जेवले. धूर नाही, कड नाही, मीठ जास्त झालंय, एकेका फासळीला एकेक शिवी. पण हाडं बशीत उरली, मांस नाही. पर्व्हिस आला होता, तो म्हणाला, "ओथा, बायको तुझी जागा घेणार बघ." तर म्हणतात, "घेऊ दे की. आधी पापुद्रा काढायला शीक म्हणावं."

मला वाटलं, सापडलं औषध. पुढच्या रविवारी मी सगळं अगदी बिनचूक केलं. पापुद्रा एका ओढीत काढला. मसाला आदल्या दिवशीच लावून ठेवला. फॉइलमध्ये घातल्यावर सफरचंदाच्या व्हिनेगरचा शिडकावा केला. ते उंबऱ्यावर बसले, बघत राहिले. बोलायला काही उरलंच नाही. थोड्या वेळाने उठून आत जाऊन पडले. फासळ्या पहिल्यापेक्षा कितीतरी छान झाल्या होत्या. अर्धी खाल्ली आणि बशी सरकवली. त्या दिवशी भांडी घासताना माझ्या डोक्यात उजेड पडला. या माणसाला मांसाची भूक नव्हती. भट्टीवरच्या मुकादमाला मुकादमी हवी होती.

मग काय, मी चुका करायला लागले. हसू नकोस. दर आठवड्याला एक चूक, विचार करून, तब्येतीने. एकदा बाटलीतला धूर आणला, मांसाला धुराची चव देणारा अर्क दुकानात मिळतो तो. थेंब पडायच्या आधीच त्यांना वास लागला. "व्हर्लीन! घरात ते काय आणलंस? माझ्या घरात खोटा धूर?" बाटली फेकून देईपर्यंत त्यांनी श्वास घेतला नाही आणि मग घेतला तो असा की नळी हलली. एकदा मोठं पातेलं घेऊन त्यात पाणी तापत ठेवलं आणि फासळ्या जवळ आणून ठेवल्या. "तू उकडणार आहेस? उकडणार? बाई, शेजारीपाजारी राहतात आपल्या!" मी भोळ्या तोंडाने म्हटलं, "लवकर मऊ होतील ना." "मऊ व्हायला काय ती सरकारी कचेरीतल्या खुर्चीची गादी आहे?" त्या दिवशी त्यांनी मला फासळी शिजली कशी ओळखायची ते शिकवलं. चिमट्याने अख्खी पट्टी मधोमध उचलायची. ती दोन्हीकडे लवली आणि वरच्या सालीला भेग पडली की झालं. लवली नाही तर परत आत. तुटून पडली तर चुकलं. हाडावरून गळणारं मांस त्यांना मुळीच मान्य नव्हतं. म्हणत, दाताला थोडी ओढ लागली पाहिजे, नाहीतर खाल्लं काय आणि गिळलं काय. पण त्यांचे दात काही पूर्वीचे नाहीत. म्हणून मी गुपचूप अर्धा तास जास्त ठेवायची, आणि ते गुपचूप खायचे, आणि दोघांपैकी कुणी त्याबद्दल बोलायचं नाही. लग्न टिकतं ते असं, हे तुला कुणी पुस्तकात लिहून देणार नाही.

जनीसच्या काट्याने मान डोलावली. वजन थोडं वर आलं. ती म्हणाली, "मिस व्हर्लीन, करताय काय तुम्ही?" मी म्हटलं, "स्वयंपाक बिघडवते."

पण खरं सांगू का, मी थकले गं. चूक करायलासुद्धा अंगात जोर लागतो. रात्री त्यांना उशा लावून बसवायचं, नळी कुठे दुमडली का बघायचं, औषधं, पाय चोळणं, आणि रविवारी उभं राहून शिव्या खायच्या. शिव्या मला औषधासारख्या वाटायच्या, आपलं पोट त्यावरच चाललंय असं वाटायचं. चर्चमधली सिस्टर युला म्हणते, एक दिवस सुट्टी घे, आम्ही बघतो. तिला काय सांगू की तिने फासळ्या केल्या तर हे सभ्यपणे "थँक यू" म्हणतील आणि उपाशी राहतील! हे ओरडतात ते फक्त माझ्यावर. बाकी जगाशी तुझा बाप फार नम्र आहे.

परवाच्या रविवारी चूक ठरवायलाच विसरले. फासळ्या नीट शिजल्या, फॉइल उघडलं, वर सॉस लावला. आता वरून कडक आच दिली की सॉस चिकट होतो आणि कडा तांबूस होतात. हे काम उभं राहून करायचं, डोळा काढायचा नाही, कारण सॉसमधली साखर बघता बघता जळते. हे त्यांनीच शिकवलेलं. मी आच लावली आणि म्हटलं, क्षणभर टेकू या. टेबलावर डोकं ठेवलं. जाग आली ती वासाने. उठून ट्रे ओढला तर वरचा थर डांबरासारखा काळा. खिडकी उघडली, पंखा लावला, आणि मग लक्षात आलं की हे उंबऱ्यावरच बसलेत. सगळा वेळ तिथेच होते. तीन घरांपलीकडे कुणी लाकूड ओलं लावलं तर ओळखणारा माणूस! मी म्हटलं, "ओथा, मला हाक का नाही मारलीस?" म्हणाले, "तू झोपली होतीस." मी वाट बघत उभी राहिले. म्हटलं, आता ओरडतील, आता सुरू होतील. ते म्हणाले, "आण इकडे. छान दिसतंय." मी म्हटलं, "अरे, जळलंय ते, कोळसा झालाय!" तर त्यांनी एक फासळी उचलली, दोन घास खाल्ले, सावकाश चावले, आणि म्हणाले, "नाही गं. चांगलं झालंय. माझ्यापेक्षा चांगलं. बस जरा, दमलीस तू." पास्टर एखाद्या गरीब विधवेच्या घरी जेवतात ना, तसे जेवले. हाताने माझ्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. मग बशी ठेवून दिली. कालही काही घेतलं नाही. आज सकाळी सूप पुढे केलं, तर त्याचंही कौतुक केलं आणि तसंच ठेवलं.

डेनेट्रा, मी आजवर खूप गोड बोलणारी माणसं पाहिली, पण मी या माणसाशी लग्न केलं ते तो मांसाबद्दल खोटं बोलत नाही म्हणून. बिशपसमोर बोलला नाही, स्वतःच्या आईसमोर बोलला नाही. परवा माझ्यासमोर बोलला. त्याला आता फासळ्यांची काळजी उरलेली नाही, माझी तेवढी उरलीय. जनीसला मी अजून विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. काट्यावर उभं करून कळतं ते तिला कळेल, मला कळायचं ते कळलंय: ते निघायच्या तयारीत आहेत. फोनवर हे वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही. तू फोन करशील, ते शेजारी असतील आणि मी पन्हाळीबद्दल बोलेन. ते ऐकू नकोस. थँक्सगिव्हिंगच्या सणाचं तिकीट आहे म्हणालीस, ते बदल. पत्र मिळालं की त्याच दिवशी निघ, आणि मला कळवत बसू नकोस, दार उघडंच असेल.

तुझीच,
आई