उंच आईचा आणि ठेंगू बापाचा डबा

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, भेंडीची नवी वाणं काढण्यात चाळीस वर्षं घालवलेली बाई, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिते आहे. मी पूर्ण शुद्धीवर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. सुनेला तो पटलेला नाही, कारण आज सकाळी एकाच झाडाची हंगामातली चौतिसावी भेंडी तोडून मी वाफ्यातच नाचले. चौतीस! बाजारातल्या वाणाला बावीस लागल्या तरी लोक खूश असतात.

१. राहतं घर मुलाला. त्याला भेंडी आवडत नाही. माझ्या पोटी असा निपजला, इलाज नाही.

२. भिंग आणि तराजू सुनेला. चिमटा देऊ नये. त्या चिमट्याने तिने भुवया कोरल्या होत्या, हे मी विसरलेले नाही.

३. बियांच्या दुकानदाराला काहीही देऊ नये. त्याने माझ्या संकरित भेंडीचं बी गुपचूप धरून लावलं, पण संकराचं बी पुढच्या पिढीत तसंच उतरत नाही, आणि रानात नाना तऱ्हेची भेंडी उगवली. मी मुद्दाम दोनदा बघायला गेले. फार आनंद झाला.

४. आता मुख्य. हे संकरित बी दर वर्षी आईबापांपासून नव्याने करावं लागतं. आई उंच, बाप ठेंगू. दोघांच्या बियांचे डबे फक्त माझ्याकडे आहेत आणि माझा हात थरथरतो. कळी उकलून पुंकेसर काढताना दहातल्या चार कळ्या फाटतात. मी गेले की वाणही गेलं.

म्हणून दोन्ही डबे आणि चिमटा माझ्या नणंदेला, शेजारच्या घरातल्या वन्संना. सहा वर्षं आमचं बोलणं नाही. पूर्वी संध्याकाळी मी अशा कळ्या साफ करून त्यांवर कागदी पिशव्या बांधायची, सकाळी वन्सं पराग लावायच्या. एकदा मी परागासाठी नवव्या ओळीतली फुलं सांगितली आणि त्यांनी चुकून सहावीतली आणली. ती ठेंगू ओळ मी उपटणारच होते. "वर्षाचं वाटोळं केलंत!" म्हणत मजुरांसमोर त्यांना नाही नाही ते बोलले. पुढच्या हंगामात त्याच संकराची झाडं पेरापेराला लगडली, तेव्हा मी वहीत लिहिलं, 'सहावी ओळ विचारपूर्वक निवडली.' वन्संनी ते वाचलं. "वहिनी, हा विचार कुणाचा?" एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

माझा नव्हता हो, वन्सं. चूक तुमची आणि वाणही तुमचं. मी चोरलं. लाज वाटते. वहीतलं ते वाक्य आज खोडलं आहे.

साक्षीदार:
१. गल्लीतला शिंपी (सही)
२. <s>वन्सं</s> दूधवाला (सही)

खाडाखोडीचा खुलासा: साक्षीला मी वन्संनाच बोलावलं होतं. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि पेन खाली ठेवलं. "ज्याला मिळायचंय त्यानं साक्षीची सही करायची नसते, वहिनी." म्हणजे घेतलं! अगं बाई, घेतलं!

ठिकाण: बियांची खोली. दिनांक: बारा ऑक्टोबर, संध्याकाळचे पाच. सही घाईत केली आहे. उद्या उमलणाऱ्या कळ्या आजच साफ करायला हव्यात आणि वन्सं केव्हाच वाफ्याकडे निघाल्या.

(सही) भेंडीवाली वहिनी