बेडूकमाशांचा शंभरावा दिवस

आदरणीय मालसुनमावशींना गीहोचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? वांदो बेटावर वारा सुटला असेल. शेवाळ वाळत घालताना डोक्याला फडके बांधावे. मी ठीक आहे. (जेवण जात नाही, पण ते वेगळे.)

तुम्ही पाठवलेले समुद्रशेवाळ पोचले आणि त्यानेच घात केला. दोष माझा. प्रयोगशाळेत बेडूकमाशांच्या दोन टाक्या माझ्याकडे आहेत. सोराबाई (आमच्या संशोधक, प्रबंधाचे हे सहावे वर्ष) पहिल्या टाकीत गळ्यातल्या ग्रंथीचे हार्मोन थेंबथेंब घालतात. मला समजले ते असे, की पेशी म्हणजे घर. हार्मोनला भिंतीतून सहसा शिरता येत नाही, दारावरचे पहारेकरी त्याला आत घेतात. आत ते मायटोकाँड्रियांना, म्हणजे फरशीखालच्या भट्ट्यांना, म्हणते, "बसलात काय? पेटवा!" (ते स्वतः जाऊन सांगते की निरोप धाडते, इथेच प्रबंध अडला आहे.) मग पाय फुटतात, शेपूट झडते. दुसऱ्या टाकीला हार्मोन नाही, आणि ते अंगात बनायला लागणारे आयोडीनही नाही. त्यांनी बेडूकमासेच राहायचे.

मी तारखा तपासल्या, तर दोन्ही टाक्यांना शंभर दिवस पूर्ण! शंभराव्या दिवशी शेवाळाचे सूप नाही, असे आपल्याकडे कुठल्या लेकराचे झाले आहे? मी मीठ न घालता, गाळून, कोमट दिले. उरले ते पुढे आठवडाभर. शेवाळात आयोडीन ठासून भरलेले असते, हे मला कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्या टाकीत सगळ्यांना पाय फुटले.

"गीहो, हे काय?" सोराबाई किंचाळल्या.

"पाय, बाई."

"ते दिसतंय मला! पाण्यात काय घातलंस?"

"सूप."

"सूप? मग भात आणि किमची का विसरलास?"

महिनाअखेर माझी नोकरी पक्की व्हायची आहे. मी सगळे खरे सांगितले, कमरेत वाकून क्षमा मागितली. "पहिली टाकी शाबूत आहे म्हणून वाचलास," त्या म्हणाल्या. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना सांगणार नाहीत. मन हलके झाले.

तुमचा आज्ञाधारक,
गीहो

ता. क. सगळे नाही सांगितले. एका घरातल्या दोन लेकरांपैकी एकालाच सूप वाढणे माझ्याने झाले नाही. पहिल्या टाकीतले जे पाय सोराबाई पुढच्या शुक्रवारी सरांना दाखवणार आहेत, ते हार्मोनचे की सुपाचे, देव जाणे.

आणखी एक. सोराबाईंना हे शुक्रवारच्या आत तुम्हीच फोन करून सांगावे. नंबर मागे लिहिला आहे, दोनदा तपासून. त्या ओरडतील, तेव्हा फोन कानापासून लांब धरावा. काय म्हणाल्या ते मला कळवायची तसदी घेऊ नये. मी शेजारच्याच खोलीत असेन.