सातवी जागा

सोमवार, १४ ऑक्टोबर

बोलणं बंद. जीभ हलली की आग होते, म्हणून ही वही. घशातल्या गाठीला किरणांचे पंधरा शेक झाले, अठरा बाकी. गाठीचं राहू दे, इथे शेकांनी तोंडच सोलून निघालंय. पाणीसुद्धा झोंबतं. सकाळी नझीहाने हरिसाच्या तिखट चटणीची बरणी कपाटात लपवली – जणू मी चोरून खाणार होते! धाकटी बहीण माझी. ‘ते दुखणं’ म्हणते. कॅन्सर म्हणायला तिची जीभ वळत नाही. माझी तर वळतच नाही.

डॉक्टर म्हणाले, “मोंजियाबाई, गिळता आलं नाही तर शेक थांबवावे लागतील. मधेच थांबवले की गाठ पुन्हा वाढायला लागते.” म्हणून उद्यापासून तोंडात लेझर. फोड त्याने भरतात म्हणे.

बाहेर बाकावर बसले तर शेजारची बाई उठून भिंतीशी जाऊन उभी राहिली. ओळखते मला. स्फाक्स शहराच्या या भागातल्या मेलेल्या बायकांना शेवटची आंघोळ मीच घालते, सव्वीस वर्षं झाली. इस्पितळात मला पाहिलं की सगळ्यांच्या मनात एकच – ही कोणासाठी आली?

मंगळवार, १५

लेझरवाल्या नर्सचं नाव विदाद. पस्तिशीची असेल. “मावशी, दुखणार नाही. पेनाएवढी दांडी, लाल उजेड पडतो, बस्स.” खुर्ची आडवी केली. छातीवर चादर घातली. माझ्या डोळ्यांवर काळा चष्मा, तिच्याही – त्या उजेडाने डोळे बिघडतात म्हणून. मग बोटाला ओली पट्टी गुंडाळली आणि माझे दात पुसले. उजवीकडून सुरुवात.

मेलेल्या बाईच्या तोंडात आम्ही पाणी घालत नाही. बोटाला ओलं फडकं गुंडाळून दात पुसतो. उजवीकडून.

मग दांडी. एकेका जागी अर्धा मिनिट. दुखलं नाही, खोटं कशाला बोलू. पण मी मोजत होते. उजवा गाल, डावा गाल, ओठ, टाळू, जिभेची एक कड, दुसरी कड, शेवटी जिभेखाली. सात. आम्हीही पाणी विषमच घालतो. तीनदा, पाचदा, फार लागलं तर सातदा. सातच्या पुढे थेट कफन.

बुधवार, १६

माझ्या आधी एक म्हातारा होता. दार उघडंच होतं, पाहिलं. त्याला नुसती चूळ भरायला लावली. पट्टी नाही, बोट नाही. उजवं-डावं काही नाही.

मग माझंच का?

गुरुवार, १७

आज सहा झाल्यावर ओठ मिटून घेतले. “मावशी, एक जागा राहिली.” मी मान हलवली. तिने पुन्हा विचारलं नाही. दांडी पुसून ठेवली आणि माझ्या छातीवरची चादर काढली.

पट्टीला मात्र नाही म्हणवत नाही. त्या बोटाने बरं वाटतं. त्याचीच भीती वाटते.

सोमवार, २१

गाल सुधारले. चार चमचे रव्याचं सूप गिळलं. नझीहा रडली, मग सूप फार पातळ झालं म्हणून स्वतःवरच चिडली. जिभेखाली मात्र ठणका आहे. रोज सहावरच थांबवते.

नझीहाला वहीत लिहून दाखवलं, का ते. ती म्हणाली, “मेलेल्यांना सातदा धुतलेलं तू पाहिलंस. सातदा धुतलं म्हणून मेलेली एक तरी दाखव मला.” हिला काय कळतं! ती कधी मयताच्या आंघोळीच्या खोलीत आली नाही.

गुरुवार, २४

जिभेखाली खड्डा पडलाय. रात्रीपासून ताप. पाण्याचा थेंब उतरत नाही. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. “सगळीकडे भरतंय, इथेच का नाही? लेझर सगळ्या जागी घेताय ना?”

मी मान डोलावली. विदाद शेजारीच होती. तिने मला उघडं पाडलं नाही.

“सोमवारपर्यंत भरायला लागलं नाही तर शेक बंद.”

मला मरायचं नाही. लिहितानाही लाज वाटते. इतक्या जणींना पोहोचवलं, वाटायचं माझी तयारी झालेली आहे. कसली तयारी! थंडी पडली की संत्री येतील. ती मला खायची आहेत.

शुक्रवार, २५

तोंड उघडलं. सहा झाले. सातव्याला मनात कलमा म्हटला आणि हात पोटावर घट्ट धरून ठेवले, मेलेल्या बाईसारखे अंगालगत सरळ होऊ नयेत म्हणून. अर्धा मिनिट. विदाद म्हणाली, “झालं.” मी श्वास घेतेय का ते आधी पाहिलं.

रविवार, २७

काल आणि आज सुट्टी. तरी विदाद दोन्ही दिवस आली, माझ्या एकटीसाठी. पट्टी, उजवीकडून, सात.

सोमवार, २८

खड्ड्याच्या कडा गुलाबी झाल्यात. डॉक्टर म्हणाले शेक चालू ठेवू. नझीहाने त्यांच्या हातात अंजिरांची पिशवी कोंबली.

मंगळवार, २९

पंधरा दिवसांनी पहिल्यांदा बोलले. विचारलं, “विदाद, माझेच दात का पुसतेस?”

तिने चष्मा काढला. “नऊ वर्षांपूर्वी माझ्या आईला आंघोळ तुम्ही घातलीत, मावशी. तिलाही हेच होतं. दोन महिने ती तोंडाला कोणाला हात लावू देत नव्हती. तुम्ही लावलात. मी पायाशी पाण्याचं भांडं धरून तुमचं बोट बघत होते. मग हेच काम शिकले. तुमचं तुम्हाला परत करत होते, एवढंच.”

तिच्या आईचा चेहरा काही केल्या आठवेना. तोंड आठवलं. तिच्याही जिभेखाली खड्डा होता.